बायपोलर असलेल्या माणसाला मूडवर ताबा ठेवता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ सांगा, ताबा ठेवता येतो की नाही?

मूड चढायच्या किंवा उतरायच्या आधी आणि पहिल्या दोन-चार दिवसांत बराच ताबा ठेवता येतो. उन्माद (मूडचा टोकाचा चढ) पूर्ण चढला किंवा नैराश्य खोल गेलं की नुसत्या इच्छाशक्तीने ताबा येत नाही. तिथे औषध, झोप आणि आजूबाजूची माणसं यांनीच काम होतं.

पुणेकरांना खडकवासल्यावरून हे पटकन कळेल. पावसाळ्यात धरणातून किती पाणी सुटणार हे नदीकाठच्या माणसाच्या हातात नसतं. पण विसर्ग वाढवणार अशी सूचना आली की नदीपात्रात लावलेली गाडी काढून घेणं त्याच्या हातात असतं. भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर गाडी काढायला उतरणाऱ्याकडे कितीही हिंमत असली तरी तिचा उपयोग नाही. बायपोलरमध्ये ताबा म्हणजे ती सूचना ओळखायला शिकणं आणि बरं असताना ठरवलेल्या गोष्टी त्या वेळी लगेच करणं.

"मनावर घेतलं तर जमेल" असं सगळे म्हणतात. ते का जमत नाही?

कारण ज्या मनाने मनावर घ्यायचं, तेच आजारी पडलेलं असतं. उन्मादात माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. आयुष्यात कधी नव्हे इतकं छान, तल्लख आणि ताकदवान वाटत असतं. अशा वेळी "स्वतःला आवर" म्हणणं म्हणजे "तुला जे सगळ्यात खरं वाटतंय ते खोटं मान" असं सांगणं. काही काळाने त्याला हे दिसतं, पण तोवर कर्ज काढलेलं असतं, नोकरीचा राजीनामा पाठवलेला असतो.

नैराश्यात उलटं. इच्छा करण्याची ताकदच आटलेली असते. अंथरुणातून उठून दात घासणं हे त्या दिवशी सिंहगड चढण्याइतकं जड होऊ शकतं. त्याला आळस म्हटलं की माणूस आणखी खचतो आणि पुढच्या वेळी बोलायचंच बंद करतो.

माझाही मूड दिवसात चार वेळा बदलतो. मला बायपोलर आहे का?

तेवढ्यावरून नाही. बायपोलरचे चढ-उतार तासांचे नसतात, दिवसांचे आणि आठवड्यांचे असतात. निदानाच्या निकषांनुसार उन्माद साधारण सात दिवस किंवा जास्त टिकलेला असावा लागतो. दाखल करावं लागलं असेल तर मुदत पाहत नाहीत. त्याहून सौम्य चढ, म्हणजे हायपोमॅनिया, किमान चार दिवस. नैराश्य किमान दोन आठवडे. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला असेल तर टाइप १. हायपोमॅनिया आणि मोठं नैराश्य दोन्ही येऊन गेलं, पण पूर्ण उन्माद कधीच आला नाही, तर टाइप २. वर्षात उन्मादाचे किंवा नैराश्याचे मिळून चार किंवा जास्त झटके आले तर त्याला वेगळं नाव आहे, रॅपिड सायकलिंग. तेव्हा थायरॉइड तपासणं आणि नैराश्याची गोळी चालू आहे का ते पाहणं आलंच.

फाइलवर "बीपीएडी" लिहिलेलं असेल तर तो हाच आजार. घरातल्या जुन्या कागदांवर "एमडीपी" दिसेल, तेही याचंच जुनं नाव.

वडिलांना होता. मला होणारच का?

होणारच असं नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण आई किंवा वडिलांपैकी एकाला असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना बायपोलर होत नाही. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते. घरात आजार असेल तर त्या वयात झोपेची हेळसांड आणि गांजा या दोन गोष्टींपासून लांब राहावं. आणि नैराश्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तर वडिलांचा आजार आठवणीने सांगावा, कारण त्यावरून गोळी बदलते.

मूड चढतोय हे ओळखायचं कसं?

सगळ्यात विश्वासाचं लक्षण झोप. इथे एक फरक नीट समजून घ्या. चिंतेने झोप लागत नाही तेव्हा माणूस सकाळी थकलेला असतो. उन्मादाच्या सुरुवातीला तो तीन-चार तास झोपूनही टवटवीत असतो आणि "आता मला झोपेची गरजच पडत नाही, किती वेळ वाचतो" असं आनंदाने सांगतो. हे वाक्य घरात ऐकू आलं तर त्याच दिवशी सावध व्हा.

बाकीची लक्षणं माणसागणिक बदलतात, पण एका माणसात ती बहुधा त्याच क्रमाने येतात. ही जमेची बाजू आहे. कुणी रात्री अडीच वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबच लांब मेसेज टाकतो. कुणाला एकाच आठवड्यात तीन धंदे सुचतात. कुणी लक्ष्मी रोडला एक साडी आणायला जाऊन नऊ घेऊन येतं. कुणी वीस वर्षं न बोललेल्या नातेवाइकांना ओळीने फोन लावतो. बोलण्याचा वेग वाढतो, मध्ये कुणी बोललेलं चालत नाही, टू-व्हीलर जोरात जाते. चढ म्हणजे आनंदच असं धरून चालू नका. कित्येकांना आधी चिडचिड येते आणि घरचे ती "स्वभाव" म्हणून सोडून देतात.

बरं असताना, घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून, मागच्या दोन-तीन वेळा नेमकं काय काय झालं ते लिहून काढा. त्यातली पाच लक्षणं निवडा. "खूप उत्साही" असं मोघम लिहू नका. "सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी थकवा नाही" असं, मोजता येईल असं लिहा. किती लक्षणं दिसली की काय करायचं, हा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा. यादी फ्रिजवर चिकटवायची की कपाटात ठेवायची हे ज्याचा आजार आहे त्याने ठरवावं.

लक्षणं दिसली. आता पहिल्या ४८ तासांत काय करायचं?

आधी डॉक्टरांना फोन. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे म्हणून थांबू नका. अशा वेळी कोणती गोळी किती वाढवायची हे बऱ्याच डॉक्टरांकडून आधीच लिहून घेता येतं. तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर ती चालू ठेवायची का, हे याच फोनवर विचारा.

मग उजेड आणि आवाज कमी करा. संध्याकाळी सातनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत, दिवे मंद, पाहुणे नकोत, चर्चा नको. अंधाराचा परिणाम खरा आहे. नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात उन्माद असलेल्या रुग्णांनी संध्याकाळी ६ ते सकाळी ८ निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावला, औषधं चालू होतीच, आणि साध्या काचेच्या चष्म्यापेक्षा त्यांचा उन्माद लवकर उतरला. चष्मा नसला तरी अंधारी खोली प्रत्येक घरात करता येते. चहा-कॉफी दुपारी बारानंतर बंद. दारू पूर्ण बंद.

तिसरी गोष्ट पैसे. यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड विश्वासाच्या माणसाकडे द्या, कर्ज देणारी ॲप काढून टाका. पाच हजारांवरचा कोणताही खर्च, कोणताही राजीनामा, कोणतीही सही दोन रात्री नीट झोप झाल्याशिवाय करायची नाही. पाच हजारांच्या जागी तुमच्या घराला झेपेल तो आकडा घाला. गाडीची किल्ली कोणाकडे द्यायची हेही आधी ठरलेलं असावं, कारण त्या दिवशी त्यावरूनच भांडण होतं.

या ४८ तासांत चूक होते ती एकाच जागी. माणूस म्हणतो, "एवढं काम उरकू दे, मग गोळी घेतो." ते काम कधीच उरकत नाही.

आणि मूड खाली जायला लागला तर?

बायपोलरमध्ये एकूण आजारपणाचा जास्त काळ नैराश्यातच जातो, टाइप २ मध्ये तर फारच. तरीही उपचाराला येतात ते बहुधा उन्मादामुळे, कारण त्याचा त्रास इतरांना होतो. नैराश्यात माणूस गप्प पडून असतो.

उठण्याची वेळ सोडू नका, बाकी सगळं सुटलं तरी. रात्री झोप लागली नसली तरी ठरल्या वेळी उठून गॅलरीत किंवा खिडकीत उजेडात बसा. दिवसाला दोनच कामं ठरवा, तीही अगदी छोटी: अंघोळ, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणं. मन लागेल मग करू असं म्हटलं तर दिवस जातो. आधी हातपाय हलतात, मन मागून येतं, आणि कधीकधी दोन आठवडे येत नाही. त्यात तुमची कसूर नाही.

स्वतःच्या मनाने नैराश्याची जुनी गोळी सुरू करू नका, शेजाऱ्याची तर नकोच. मूड स्थिर ठेवणारं औषध सोबत नसताना तिने उन्माद चढू शकतो.

सगळ्यात धोक्याची अवस्था मिश्र. मन नैराश्यात आणि शरीरात उन्मादाची अस्वस्थ ऊर्जा. जगण्याचा कंटाळा आणि काहीतरी करून टाकण्याची ताकद एकाच वेळी असते. अशा वेळी माणसाला एकटं ठेवू नका, शिल्लक गोळ्या आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

झोपेवर एवढा जोर का?

कारण झोप कमी होणं हे लक्षणही आहे आणि कारणही. इतर बहुतेक आजारांत झोप बिघडते ती आजारामुळे. इथे एखादी जागरणाची रात्रच चढाची सुरुवात करू शकते. शरीराचं घड्याळ या आजारात नाजूक असतं.

त्यावर आधारलेली एक उपचारपद्धती आहे. तिच्यात दिवसाच्या पाच वेळा पकडतात: अंथरुणातून उठणं, दिवसातलं पहिलं माणसाशी बोलणं, काम किंवा कॉलेज सुरू होणं, रात्रीचं जेवण, झोपायला जाणं. या पाच गोष्टी रोज ठरल्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे झाल्या म्हणजे दिवस नीट बसला. रविवारीसुद्धा. आधी फक्त उठण्याची वेळ बसवा. दोन-तीन आठवडे ती टिकली की पुढची घ्या. पाचही एकदम सुरू करणारे बहुधा दहाव्या दिवशी सगळंच सोडतात.

हिंजवडी-खराडीत फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे अवघड जातं. फिरत्या शिफ्टपेक्षा कायम एकच शिफ्ट बरी, आणि कायमच्या रात्रपाळीपेक्षा दिवसपाळी बरी. डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव न घालता "रात्रपाळी वैद्यकीय कारणाने टाळावी" एवढं लिहून मिळतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्रभर बसून परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की रात्रीचे तीन तास वाचवून पुढचे तीन महिने जाऊ शकतात. अभ्यासिका पहाटे उघडते, तेव्हा जा.

गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवता येईल का?

येईल, पण अटी घालून घ्या. सराव उत्सवाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालतो. तिथून घरी येऊन जेवून अंग शांत व्हायला आणखी दोन तास जातात. म्हणजे झोपण्याची वेळ रोज पुढे सरकते, आणि त्यात आवाज, गर्दी, अंगात संचारलेला जोर. निघण्याची वेळ पथकप्रमुखाला आधी सांगून ठेवा. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, तिच्यात पूर्ण वेळ राहायचं नाही. दुपारची एक फेरी वाजवा आणि घरी या. गेल्या सहा महिन्यांत चढ येऊन गेला असेल तर यंदा बाहेरून बघा. हे मनाला लागतं, विशेषतः विशीतल्या मुलाला. घरच्यांनी त्या रात्री त्याच्यासोबत घरी राहावं.

दिवाळीचं पहाटेचं अभ्यंगस्नान चालेल, आदल्या रात्री लवकर झोपलात तर. परदेशात जाणार असाल तर विमानाच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

लिथियमची एवढी भीती का वाटते? घ्यावं का?

लिथियम हा एक क्षार आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. आजही झटके पुन्हा येऊ न देण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्याइतका भक्कम पुरावा असलेली औषधं थोडीच आहेत. भीती वाटते कारण उपयोगाचं प्रमाण आणि विषारी प्रमाण जवळजवळ आहेत. म्हणून रक्ततपासणी. ती टाळणाऱ्याने लिथियम घेऊ नये, नियमित करणाऱ्याला बिचकण्याचं कारण नाही.

रक्तातली पातळी (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) बहुतेकांना ०.६ ते ०.८ च्या दरम्यान ठेवतात, उन्माद चालू असताना १.० पर्यंत किंवा किंचित वर. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका, म्हाताऱ्या माणसांत त्याआधीही. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊला. इथेच गोंधळ होतो: सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटाच जास्त येतो आणि डॉक्टर विनाकारण गोळी कमी करतात. सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, मग पातळी स्थिर झाल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी. थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि कॅल्शियम वर्षातून दोनदा.

किडनी लिथियम आणि मीठ जवळजवळ एकाच वाटेने हाताळते. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. यातून पुण्यातल्या रोजच्या आयुष्यात कितीतरी गोष्टी येतात. हरतालिकेचा निर्जळी उपवास लिथियमवर असताना करू नये. आषाढी एकादशीला साबुदाणा, वरई, शेंगदाण्याची आमटी खाऊन, मीठ आणि पाणी नेहमीइतकं ठेवून उपवास केला तर सहसा अडत नाही. सैंधव चालतं, तेही मीठच. अळणी उपवास नको. वारीत चालायचं असेल, आणि दिवे घाटाच्या चढाला घाम कसा निघतो हे चाललेल्यांना ठाऊक आहे, तर पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. ब्लड प्रेशर आहे म्हणून अचानक मीठ सोडू नका.

अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून सहज मिळतात. त्यांनी लिथियमची पातळी वाढते. पॅरासिटामॉल घ्या. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनीही हेच होतं, म्हणून फिजिशियनला "मी लिथियमवर आहे" हे पहिलं वाक्य सांगा.

हात बारीक थरथरणं, तहान, वारंवार लघवी हे नेहमीचे त्रास. पण थरथर मोठी झाली, चालताना तोल जायला लागला, बोलणं जड झालं, गुंगी आली, तर गोळी थांबवून थेट हॉस्पिटल गाठा आणि पातळी तातडीने करा. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

बाकीच्या औषधांचं काय?

व्हॅल्प्रोएट उन्मादावर चांगलं काम करतं, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देऊ नये. गरोदरपणात ते घेतलेल्या सुमारे १० पैकी एका बाळात जन्मजात दोष आणि ३ ते ४ मुलांत शिकण्या-बोलण्याच्या वाढीत अडचणी दिसतात. लग्न ठरत असेल तर हा विषय लग्नाआधी डॉक्टरांकडे काढा. आणि दिवस गेल्याचं कळलं म्हणून घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नका, त्याच दिवशी फोन करा. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. रात्रीचं एक दूध घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाजावं आणि आईला सलग पाच-सहा तास झोपू द्यावं.

लॅमोट्रिजिन नैराश्य परतू नये म्हणून देतात. ते अगदी हळू वाढवतात: दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे ५०, मग पुढे. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर निम्म्याने. घाईने वाढवलं तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं. पाचेक दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवर परत जाऊ नका, बहुधा पुन्हा २५ पासूनच सुरुवात करावी लागते.

ओलान्झापिन, क्वेटियापिन या गोळ्याही या आजारात देतात, त्यांनी भूक आणि वजन वाढतं. सुरू करतानाच वजन, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत मोजा. चार-पाच किलो वाढल्यावर गुपचूप गोळी सोडणारे खूप आहेत. तक्रार करा, गोळी बदलता येते.

सहा महिने छान वाटतंय. गोळ्या बंद करू?

छान वाटतंय ते गोळ्यांमुळेही असू शकतं. लिथियम एकदम सोडलं तर उन्माद उसळून येण्याचा धोका ते कधीच न घेतलेल्यापेक्षाही वाढतो. थांबवायचंच ठरलं तर किमान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू कमी करतात आणि त्या काळात कुणीतरी लक्ष ठेवतं. वारंवार झटके येऊन गेले असतील तर औषध वर्षानुवर्षं चालू ठेवण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकताना वाईट वाटतं. ते वाईट वाटणंही डॉक्टरांसमोर बोलावं.

मूडची नोंद कशी ठेवायची?

ॲप हवंच असं नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची घरोघरी सवय आहे. तसंच एक वेगळं कॅलेंडर घ्या. रोज रात्री तीन आकडे: मूड उणे ३ ते अधिक ३, काल रात्रीची झोप तासांत, गोळ्या घेतल्या असतील तर बरोबरची खूण. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. पाळी, प्रवास, भांडण असं काही असेल तर एक शब्द. एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ती नोंद टिकणार नाही.

दोन महिन्यांनी पान उलटून बघा. झोपेचा आकडा मूडच्या आधी एक-दोन दिवस हललेला बऱ्याचदा दिसतो. तुमची सूचना तीच.

दारू, गांजा?

दोन्ही नको. दारू झोपेची वीण उसवते आणि नैराश्य खोल करते. गांजाने उन्माद आणि भास वाढतात.

योग, ध्यान, आयुर्वेदिक औषध चालेल का? घरचे देवऋषाकडे न्यायचं म्हणतात.

सकाळचं चालणं, साधी आसनं, शवासन जरूर करा, गोळ्या चालू ठेवून. दहा-दहा दिवसांची मौन शिबिरं, जोरकस श्वसनाचे प्रकार आणि रात्रभर जागरणाची साधना टाळा. त्यांनी चढ येऊ शकतो. अश्वगंधेसह कोणतंही चूर्ण किंवा भस्म सुरू करण्याआधी सांगा, कारण थायरॉइड आणि किडनीवर परिणाम झाला तर तो लिथियमच्या खात्यावर लागतो.

"बाहेरचं" समजून अंगारा लावल्याने बिघडत नाही. बिघडतं ते गोळी थांबवून, उपाशी ठेवून किंवा मारहाण करून. घरच्या मोठ्यांशी भांडत बसण्यापेक्षा "अंगारा लावा, पण गोळीही चालू राहू दे" एवढं पदरात पाडून घ्या.

शॉक देतात म्हणे?

अति गंभीर नैराश्यात, खाणंपिणं सुटलं असताना किंवा औषधं लागू पडत नसताना देतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच. भूल न देता शॉक देण्यावर कायद्याने बंदी आहे. परिणाम लवकर होतो, त्या काळातल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात.

घरच्यांनी काय बोलावं?

एकाच माणसाने बोलावं. आई, काका, वहिनी आणि शेजारचे मिळून सहा जण समजवायला बसले की चढलेला माणूस सभा समजून आणखी बोलतो. तो एक माणूस कोण, हे बरं असताना त्यानेच निवडावं. आईच हवी असं नाही, बहुतेकदा धाकटी बहीण किंवा मित्र बरा पडतो.

मत सांगू नका, पाहिलेलं सांगा. "तू परत सुरू झालास" ऐवजी "काल तू तीनला झोपलास, परवा दोनला. आपल्या यादीतली दोन झाली. आज डॉक्टरांना फोन करायचं ठरलं होतं." त्याच्या मोठमोठ्या कल्पना खोडत बसू नका आणि त्यांना होकारही देऊ नका. "उद्या झोप झाल्यावर बोलू" पुरतं.

आणि तो जरा हसला, जरा रागावला की "गोळी घेतलीस का?" असं विचारू नका. बायपोलर असलेल्या माणसालाही साधा आनंद होतो, साधा राग येतो. प्रत्येक भावनेवर पहारा बसला की तो लक्षणं लपवायला शिकतो, आणि मग सूचना मिळायची ती वाटच बंद होते.

उन्मादात जे केलं त्याची जबाबदारी त्याची नाही का?

त्या क्षणी त्याला आवरता येत नव्हतं, हे मान्य करावं लागेल. पैसे फेडणं, दुखावलेल्या माणसाची माफी मागणं, पुढच्या वेळेसाठी बंदोबस्त करणं, हे बरं झाल्यावर त्याच्या हातात आहे, आणि ते त्याने करावं असं आम्हाला वाटतं. पण बरा झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडू नका. उन्माद उतरल्यावर शरमेने नैराश्य येतं, तेव्हा एक-दोन महिने थांबा.

पुण्यात कुठे जायचं? पैसे नसतील तर?

ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. येरवडा म्हटलं की कायमचं आत टाकतात ही समजूत जुनी आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

तो यायलाच तयार नसेल तर?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यात कलम ८९ नुसार स्वतःला किंवा इतरांना धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दोघांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. तातडीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. हात-पाय बांधून गाडीत घालून नेण्याची वेळ येण्याआधीच फोन करा. त्या अनुभवानंतर कित्येकजण उपचाराचं नावच काढत नाहीत.

याच कायद्याच्या कलम ५ नुसार कुणाही सज्ञान माणसाला आधीच लेखी सांगून ठेवता येतं: आजारी पडलो तर मला असा उपचार द्या, असा देऊ नका, माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तातडीच्या उपचाराला ही लेखी सूचना लागू होत नाही, बाकी वेळी तिचा मान ठेवावा लागतो. मूडवर ताबा ठेवण्याचा हा सगळ्यात ठोस प्रकार, कारण आजचा शहाणा तुम्ही उद्याच्या आजारी तुमच्या वतीने बोलता. कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, नंतर त्यावरूनच क्लेम अडतो.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, ब्लड प्रेशर-शुगरच्याही. घरात कुणाला असा त्रास, आत्महत्या किंवा थायरॉइड असेल तर त्याची नोंद. मागच्या दोन आठवड्यांच्या झोपेचे तास, अंदाजे चालतील. सोबत घरातला असा एक माणूस जो खरं सांगेल आणि रुग्णाच्या आधी बोलणार नाही. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिला हा ठेवा: झोप बिघडली तर मी कोणत्या दिवशी, कोणत्या नंबरवर फोन करू?